मंगळवारची भेसळ

“उठा! उठा त्या पेटीवरून!”

पुष्पलता एवढ्या जोरानं ओरडली की पेटीवर टेकलेला माणूस ताडकन उठला, त्याच्या मांडीवरचा तुपाचा डबा खाली पडला आणि व्हरांड्यातून घरंगळत निघाला. डब्यामागं तो, त्याच्यामागं ती. शेवटी डबा साहेबांच्या दाराला जाऊन धडकला. आतून आवाज आला, “नंतर या. मी कामात आहे.”

डब्यानं ऐकलं. तिथंच थांबला.

“काय झालं जी?” त्या माणसानं डबा उचलून छातीशी धरला. “पेटीत साप हाय का?”

“मशीन आहे. परदेशातलं. लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं.”

“मंग पेटीत काहून ठेवलं?”

मशीन येऊन दीड वर्ष झालं होतं. ते बसवणारा इंजिनियर दिल्लीहून यायचा होता, तो येत नव्हता. आणि नागपूरची वीज मशीनला सोसायची नाही असा साहेबांना संशय होता. तोवर पेटीवर शिपाई नत्थूजी पापड वाळवत. पेटीला हात लावायचा नाही असा हुकूम होता, पापडांबद्दल हुकुमात काही नव्हतं.

“तुमचं काम काय?” तिनं विचारलं.

“खाप्याहून आलो. आमच्या दूध सोसायटीचं तूप हाय, तपासाले. शालिकराम गोहणे म्हनतेत मले. सेक्रेटरी हाओ सोसायटीचा.” एवढं बोलून तो हसला. चांगलं, तोंड भरून हसला.

पुष्पलताला पहिला संशय आला तो तिथंच. तूप तपासायला घेऊन येणारा माणूस कधी हसत नाही. तो घाम पुसतो, खाकरतो, मंत्र्याच्या साडूची ओळख सांगतो. हा हसतो, म्हणजे नक्की काहीतरी आहे.

एकोणऐंशी सालचा हिवाळा होता. शहरातल्या त्या तेल-तूप प्रयोगशाळेत संशय घ्यायचा पगार मिळायचा आणि पुष्पलता धकाते पगाराला जागणारी होती. बाप तांडापेठेत हातमागावर लुगडी विणायचा. हातात आलेली सुताची प्रत्येक लड आधी उजेडाला धरून पाहायचा. पोरीनं तीच खोड उचलली, फक्त ती सूत सोडून माणसं उजेडाला धरायची. पाहायला आलेला एक मुलगा मोठ्या ऐटीत म्हणाला होता, “मी चहासुद्धा पीत नाही.” हिनं लगेच विचारलं, “मग काय पिता?” स्थळ गेलं. आई मैनाबाई तेव्हापासून म्हणायची, “तुले देव जरी पाहाले आला ना वं, तं तू त्याले शंख खरा की खोटा विचारशीन.”

“बसा भाऊ,” पुष्पलतानं बाकाकडं बोट दाखवलं. “नियम सांगते. हिवाळाभर दर मंगळवारी एक नमुना. सगळे पास झाले तर सोसायटीला शिक्का. नाहीतर नामंजूर.”

“शिक्का भेटला तं मोठ्या दवाखान्याच्या रसोड्यात आमचं तूप लागन.” शालिकरामचं हसू जरा उतरलं. “नाई भेटला तं गावचं दूध पुन्हा इतवारीच्या शेटच्या दारात. घरोघर जाऊन सांगतलं ना मी, शेटले दूध देऊ नका म्हनून. माह्या शब्दावर लोकायनं बंद केलं. नामंजूर झालं तं मी खाप्यात कोनत्या तोंडानं जाऊ?”

“तूप चांगलं असेल तर भ्यायचं काय कारण?”

“तूप चांगलं हाय. तुमचं सांगता येत नाई,” तो म्हणाला.

पुष्पलतानं त्याच्याकडं पाहिलं… आणि काचेची रिकामी बरणी त्याच्या हातात दिली. मालकानं आपल्या डब्यातलं तूप स्वतःच्या हातानं बरणीत भरून द्यायचं अशी तिथली पद्धत होती. म्हणजे उद्या ‘तुम्हीच काहीतरी मिसळलं’ असं कोणी म्हणायला नको. संशयाला जागाच ठेवायची नाही, असा साहेबांचा बाणा. पुढचा सगळा घोटाळा या बाण्यानंच केला.

पहिला नमुना स्वच्छ निघाला. धुतलेल्या तांदळासारखा.

पुष्पलताला दुसरा संशय आला. पहिलाच नमुना इतका चांगला? हा माणूस पक्का आहे. आधी विश्वास बसवणार, मग हात मारणार.

*

दुसऱ्या मंगळवारी शालिकराम आला तो ओळखू येईना. पांढरा शर्ट कडक, पायात चपलेऐवजी बूट, आणि केस असे चापून बसवलेले की त्यांत खिडकीचं प्रतिबिंब दिसावं. पुष्पलतानं मनात नोंद केली, एवढी चमक एकाएकी कशी काय आली?

तिनं बरणी दिली, ती तो बाहेर व्हरांड्यात जाऊन भरून घेऊन आला, आणि मग रीतीप्रमाणं निघून जायच्याऐवजी बाकावर बसला.

“काम झालं तुमचं, भाऊ.”

“एक अर्ज हाय मॅडम. भाऊ नका म्हनू. गावात बहिनी लय हायेत मले.”

“मग काय म्हणू?”

“गोहणे म्हना. शालिकराम म्हना. आरोपी म्हना.”

पुष्पलताला हसू आलं. ते तिनं टेस्टट्यूबमागं लपवलं, पण टेस्टट्यूब काचेची होती.

मशीन पेटीत असल्यामुळं तपासणी हातानंच चालायची. हातभर लांबीची काचेची उभी नळी, तिच्यात ठासून भरलेली पांढरी पूड. तूप हेक्झेन नावाच्या भर्रकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवून वरून ओतायचं, मागून आणखी हेक्झेन, मग ईथर. खाली तोटीतून थेंब… थेंब… थेंब… आणि खाली ओळीनं मांडलेल्या टेस्टट्यूब, एक भरली की पुढची.

“हे काय करून राहिले जी तुमी?” शालिकराम मान वाकडी करून पाहत होता. “तूप गाळून राहिले का?”

“वेगळं करते आहे. तुपात एकच गोष्ट नसते, चार तऱ्हेची स्निग्धं असतात. असं समजा की ही नळी म्हणजे बर्डीचा बाजार. घरची सगळी मंडळी घेऊन तुम्ही या टोकानं शिरलात. ज्याला काही घ्यायचंच नाही तो सरळ चालत जाऊन पलीकडं पहिला निघतो. आई बांगड्यांच्या दुकानाशी अडकते, ती मागून निघते. आणि मावशी तर प्रत्येक लुगड्याला हात लावते, तिला ओढूनच काढावं लागतं. पूड म्हणजे दुकानं. कोण किती चिकटतो त्यावरून कोण कुठल्या टेस्टट्यूबमध्ये निघणार ते ठरतं.”

“वाऽ! मंग खालच्या पह्यल्या नळीत कोन निघते?”

“कशालाच न चिकटणारा. रॉकेलच्या जातीची तेलं. चांगल्या तुपाच्या पहिल्या नळीत काहीच नसतं.”

“अन् शेवटल्या?”

“फॅटी ॲसिडं. तूप आंबलं की ती वाढतात.”

“अन् माह्यासारखा मानूस कोनत्या नळीत निघन?”

“ते अजून तपासात आहे.” मग तिच्या कपाळावर आठी आली. “पण तुम्ही एवढं काहून विचारून राहिले?”

‘काहून’ आणि ‘राहिले’ तिच्या तोंडातून ऑफिसात कधी निघायचे नाहीत. संशय आला की तांडापेठ बाहेर यायची.

“असंच जी.”

“असंच कोणी विचारत नाही. कुठल्या नळीत काय निघतं हे कळलं, की काय मिसळलं तर सापडणार नाही तेही कळतं.”

“बापा!” शालिकरामनं कानाला हात लावला. “मॅडम, तुमच्या घरी कुत्रं नसंन.”

“का?”

“गरजच काय हाय जी?”

तिनं रागानं पाठ फिरवली, आणि मग लक्षात आलं की थेंब पडायचा थांबलाय. तोटी बंद! ती किंचाळली. नत्थूजी फडकं घेऊन धावत आले.

“मीच बंद केली ना बाई! सकाळपासून गळूनच राहिली होती. सरकारी माल हाय, असा वाया जाऊ द्याचा का?”

वेगळं होत आलेलं तूप नळीत पुन्हा पसरलं होतं. सगळं पहिल्यापासून भरावं लागलं. शालिकराम नाइलाजानं आणखी बराच वेळ बसला. एवढा आनंदी नाइलाज पुष्पलतानं कुठं पाहिला नव्हता. जाताना त्यानं पिशवीतून संत्री काढून टेबलावर ठेवली.

“घरच्या झाडाचीच हायेत.”

“नमुना म्हणून ठेवता, की लाच म्हणून?”

“संत्रं म्हनून ठेवतो ना जी…”

तो गेल्यावर तिनं एक संत्रं सोललं. गोड निघालं. तिला तिसरा संशय आला, पण तो कुणाबद्दल ते तिला नीट सांगता येईना.

आणि चौथा आला तो निकाल हातात पडल्यावर. पहिल्या नळीतलं हेक्झेन तापवून उडवलं तर बशीत चक्क तेलाचा थेंब राहिला. हिरवट. शेवटच्या नळ्यांतही फॅटी ॲसिड हवं त्याच्या दुप्पट.

तिला वाटलं होतं तसंच होतं… पण बरोबर निघाल्याचा आनंद मात्र कुठं सापडेना.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी तर हिरवं तेल आणखी वाढलं. बुधवारी उमरेडचं तूप यायचं ते स्वच्छ, शुक्रवारी इतवारीच्या शेटचं यायचं तेही स्वच्छ. भेसळ फक्त मंगळवारी, फक्त खाप्याची. आणि शालिकराम दर खेपेला जास्त चमकत यायचा, जास्त हसायचा, आणि नळीपाशी जास्त वेळ बसायचा. पुष्पलता त्याच्याशी बोलायची, हसायची, आणि तो गेला की त्याच्या तुपाला पकडायची. रात्री आईनं विचारलं, “काहून वं, जेवत नाईस?” ती म्हणाली, “तुपाचा वास येऊन राहिला.” ताटात तूप नव्हतं.

*

साहेबांनी शालिकरामला खोलीत बोलावलं. साहेबांचं नाव महादेवराव. स्वतःच्या सहीवरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता. सही केली की भिंग लावून बघत.

“गोहणे, तुमच्या तुपात खनिज तेल आहे. कुठं मिसळता?”

शालिकराम उभ्या जागी पांढरा पडला. “खनिज…? साहेब, आमच्या म्हशी खानीत नाई चरत जी!”

“हिरवं आहे. पहिल्या नळीत निघालं. धकातेबाई, दाखवा.”

पुष्पलतानं बशी पुढं केली. शालिकरामनं बशीकडं पाहिलं नाही, तिच्याकडं पाहिलं. “तुमी पकडलं हे? इतके मंगळवार हासून बोलत होत्या, अन् मनात हे धरून बसल्या होत्या?”

“मी नळीत जे निघतं तेच सांगते,” ती म्हणाली. आवाज मात्र नळीतल्यासारखा निघाला.

त्यानं बशी हातात घेतली. सवयीनं नाकाशी नेली. आणि त्याचा चेहरा हळूहळू असा बदलत गेला की साहेबांनी भिंग काढलं.

“काय झालं?”

“काई नाई जी.”

“वास ओळखीचा वाटतो?”

“नाई… म्हनजे… नाई.”

दारात नत्थूजी उभे होते. चहा आणायच्या नावाखाली ते प्रत्येक चौकशीला हजर असत. त्यांनी घसा साफ केला. “साहेब, बोलू का? हा मानूस दर मंगळवारी गेटवर थांबते. तुमच्या जीपच्या आरशात पाहून भांग पाडते. पिशवीतून हिरव्या तेलाची बाटली काढते अन् अर्धी डोक्यावर उलटी करते. मी म्हनलं, असंन बिचाऱ्याले डोकेदुखी.”

साहेबांनी भिंग खाली ठेवलं.

“गोहणे. डब्यातलं तूप बरणीत कसं भरता?”

“कसं म्हनजे? बोटानं.”

“बोटानं!”

“हिवाळ्यात तूप थिजते ना जी! आमच्याकडं आया-बाया बोटानंच काढतेत. चमचा वाकते, बोट वाकत नाई.”

“तेच तेल लावलेलं बोट?”

शालिकरामनं स्वतःच्या बोटाकडं असं पाहिलं की जणू ते शेटला फितूर झालंय.

“बाजारातली सुवासिक तेलं!” पुष्पलता एकदम बोलली. “निम्मं त्यात खनिज तेलच असतं, वर हिरवा रंग! साहेब, ते पहिल्या नळीतच निघणार!” तिच्या आवाजात एवढा आनंद होता की साहेबांनी तिच्याकडंही संशयानं पाहिलं.

“पण पहिला नमुना स्वच्छ होता,” साहेब म्हणाले. “पहिल्या मंगळवारी तेल नव्हतं लावलं?”

“नाई जी.”

“दुसऱ्यापासून लावायला लागला?”

“हो जी.”

“गावात लावता?”

“नाई.”

“सोसायटीच्या मीटिंगला?”

“नाई जी.”

“मग फक्त इथं यायच्या वेळीच का?”

शालिकराम खाली बघत होता. त्याचे कान केसांपेक्षा जास्त चमकत होते. नत्थूजी छताकडं पाहू लागले. पुष्पलतानं बशी उगीच या हातातून त्या हातात घेतली.

“प्रश्न सोपा आहे,” साहेब कडाडले. “सरकारी चौकशी आहे. तेल कशासाठी?”

“साहेब…” शालिकराम म्हणाला, “मले दाखवाचं होतं.”

“काय?”

“की मी… बरा दिसतो.”

“कुणाला? मला?”

“तुमाले नाई जी!”

एवढं स्पष्ट उत्तर त्या खोलीत फार दिवसांनी मिळालं होतं. साहेबांनी ते समजून घ्यायला जरा वेळ घेतला, मग एकदम गंभीर झाले. “पुरावा लागेल. धकातेबाई, यांच्या डोक्याचा नमुना घ्या.”

*

कापसाचा बोळा हेक्झेनमध्ये बुडवून पुष्पलता बाकाशी उभी राहिली. शालिकराम खाली मान घालून बसला होता.

“मान आणखी खाली.”

“आजवर कोनापुढं एवढी खाली केली नव्हती.”

“बोलू नका. नमुना हलतो.”

तिनं बोळा त्याच्या भांगावरून फिरवला. हेक्झेन भराभर उडत होतं आणि तो शहारला.

“थंड लागते जी.”

“लागू द्या. फसवल्याची शिक्षा.”

“फसवलं कुठं? केस तं माह्येच हायेत.”

तिची बोटं क्षणभर त्याच्या केसांत थांबली… विनाकारण. कापूस भरला होता, काम झालं होतं. तरी तिनं आणखी एक बोळा घेतला. विज्ञानात दोनदा तपासून पाहायचं असतं.

“मॅडम…”

“हं.”

“मी बोललो ना आत… तुमाले राग आला का?”

“नमुना घेताना नमुन्याशी बोलायचं नसतं,” ती म्हणाली.

डोक्यावरचं तेल नळीतून सोडलं. पहिल्या टेस्टट्यूबमध्ये, तेच हिरवं. शालिकराम आणि पुष्पलता दोघं शेजारी वाकून त्या थेंबाकडं असे बघत होते की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हे नवस फेडायला आलेत.

*

साहेबांनी जाहीर केलं: पुढचा मंगळवार शेवटचा. नवा डबा, सीलबंद. गोहणेंनी कोरडं डोकं घेऊन लांब बसायचं. बरणी साहेब स्वतः भरणार, उकळलेल्या चमच्यानं. एवढा बंदोबस्त तर कोषागारालाही नव्हता.

पहिली नळी उडवली. बशी कोरडी ठणठणीत. पुष्पलतानं श्वास सोडला.

मग शेवटच्या नळ्या उडवल्या. फॅटी ॲसिड. हवं त्याच्या दुप्पट. अजूनही.

इतके दिवस हिरव्या तेलाच्या गडबडीत या आंबटपणाकडं कुणाचं नीट लक्षच गेलं नव्हतं. साहेबांचं आता गेलं. “म्हणजे तेल डोक्याचं होतं, पण तूप मुळातच आंबलेलं आहे. नामंजूर. दुपारी सही करतो.”

शालिकराम व्हरांड्यात उभा होता. तेलाविना त्याचे केस गवतासारखे उभे राहिले होते.

“काल कढवलेलं तूप हाय ते,” तो हळू म्हणाला. “काल! मी सोता चुलीपाशी बसलो होतो. एका दिवसात आंबन का?”

“नळीत जे निघालं…”

“नळीत! पह्यले डोकं धरलं माह्यं, आता काय धरता? शेटचं तूप शुक्रवारी येते अन् पास होते. आमचं मंगळवारी येते अन् फेल. नळी तीच, पूड तीच, बाई तीच.” तो थांबला. “शेटनं काही सांगतलं का तुमाले, मॅडम?”

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या पुष्पलतावर कुणी पहिल्यांदाच संशय घेतला होता. तिला ते एवढं लागलं की रडूही येईना. ती पाठ फिरवून आत गेली.

आत जाऊन तिनं विचार केला. रागानं, पण केला. तो म्हणतो ते खरं. नळी तीच, पूड तीच, बाई तीच. मग मंगळवारी वेगळं काय?

तिनं नवी नळी भरली. वरून काही घातलंच नाही. तूप नाही, तेल नाही, टेस्टट्यूबमध्ये नुसतं हेक्झेन घेतलं, रोजच्यासारखं हलवलं आणि ओतलं. मागून ईथर. थेंब… थेंब… शेवटच्या नळ्या तिनं बशीत उडवल्या.

बशीत पांढरा थर राहिला होता.

नळीत तूपच नव्हतं, तरी तूप आंबलेलं!

तिनं बशी नाकाशी नेली. मंद गोड वास आला. तो वास तिला ओळखायला नाक लागलं नसतं. सकाळीच आरशासमोर उभं राहून तिनं तो गालाला चोळला होता, बोटांनी, अंगठ्यानं, चांगला दोनदा. स्नो. आणि स्नो म्हणजे दुसरं काय? पाण्यात घुसळलेलं फॅटी ॲसिड!

तिनं स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. टेस्टट्यूबची बुचं मागून वर्ष होत आलं होतं, ती आली नव्हती. त्यामुळं तिथं सगळेच टेस्टट्यूबच्या तोंडावर अंगठा दाबून हलवत. हेक्झेन अंगठा धुऊन काढायचं आणि स्नो खाली उतरायचा. बुधवारी नाही. शुक्रवारी नाही. बुधवारी-शुक्रवारी ती तोंडाला नुसतं पाणी लावून यायची.

साहेबांच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सहीची वेळ झाली होती.

बशी धुऊन टाकली तर कुणाला कळणार नव्हतं. उद्या बुधवारी तिची नळी पुन्हा स्वच्छ निघाली असती. साहेब, नत्थूजी, सगळं ऑफिस उद्यापासून आपल्याकडं बघून काय हसेल तेही तिला दिसलं. आणि खाप्यात घरोघर जाऊन शब्द टाकलेला, गवतासारख्या केसांचा एक माणूसही दिसला.

ती बशी घेऊन तडक साहेबांच्या खोलीत शिरली. शालिकराम समोर उभा होता. साहेबांनी पेन उघडलं होतं.

“सही करू नका साहेब. तूप चांगलं आहे. आंबटपणा माझा आहे.”

“तुमचा? म्हणजे?”

“स्नो. माझ्या अंगठ्याचा. नुसत्या हेक्झेनमध्येही तोच निघाला, ही बशी बघा. हात राखेनं धुऊन, काचेचं झाकण लावून मी नमुना पुन्हा चालवते. तुम्ही समोर बसा.”

साहेबांनी भिंगातून बशी पाहिली, मग तिचा अंगठा, मग गाल. “पण मग बाकीच्या तुपात हा का निघत नाही?”

“बाकीच्या दिवशी मी स्नो लावत नाही.”

“फक्त मंगळवारी लावता?”

“हो.”

“मंगळवारीच का?”

पुष्पलतानं अंगठा मुठीत लपवला. दारात नत्थूजी छताकडं पाहू लागले. शालिकराम आधी साहेबांकडं, मग बशीकडं, मग तिच्याकडं पाहत राहिला, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

साहेबांना हा प्रश्न, ही शांतता आणि हे छत कुठंतरी आधी पाहिल्यासारखं वाटलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “धकातेबाई, हात धुवा,” ते म्हणाले. “दोघंही धुवा. या कार्यालयात आता कोणी कुणासाठी काहीही लावून यायचं नाही.”

नमुना पुन्हा चालला. साहेब नळीसमोर खुर्ची टाकून बसले आणि थेंब मोजता मोजता झोपले. पहिली नळी स्वच्छ, मधल्या भरलेल्या, शेवटच्या हव्या तेवढ्याच. सायंकाळी त्यांनी सही केली, भिंगातून बघितली, आणि शिक्का मारला.

*

ऑफिस सुटल्यावर पुष्पलता सायकलचं कुलूप काढत होती. शालिकराम गेटपाशी घुटमळत होता. शिक्क्याचा कागद त्यानं शर्टाच्या आत ठेवला होता.

“मॅडम… ते शेटचं बोललो मी… चुकलं माह्यं.”

“चुकलं नाही. संशय बरोबर घेतला होता तुम्ही. माणूस चुकीचा धरला.”

“अन् तुमी?”

“मी पण.”

तो जरा धीर करून जवळ आला. “मंग आता दवाखान्याचं तूप दर महिन्याले तपासाले आनाच लागन. मंगळवारीच आनतो.”

“आणा. पण तुमचा नमुना यापुढं मी तपासणार नाही. साहेबांना आजच सांगितलं. दुसरं कोणीतरी तपासेल.”

शालिकरामचा चेहरा पडला. “काहून जी? अजून शक हाय माह्यावर?”

“शक नाही. नियम आहे.”

“कोनता?”

“नातेवाईकाचा नमुना नातेवाईकानं तपासायचा नाही.”

“हा तं बराबर नियम हाय,” शालिकराम खिन्नपणे म्हणाला. “पन आपन कुठं नातेव…”

तो तिथंच थांबला. पुष्पलता सायकलच्या घंटीकडं फार बारकाईनं पाहत होती, जणू तिच्यात काही मिसळलंय.

“म्हनजे…” त्यानं गेट घट्ट धरलं. “म्हनजे तुमी साहेबाले… आजच… सांगून टाकलं?”

“कार्यालयाला आधी कळवावं लागतं.”

“अन् मले?”

“तुम्हाला आत्ता कळवलं ना!” ती सायकलवर बसली. “रविवारी घरी या. मोठं माणूस सोबत आणा. पत्ता नत्थूजींना विचारा, मी सांगणार नाही.”

ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी शालिकराम गेटलाच धरून उभा होता. नत्थूजी कुलूप लावायला बाहेर आले.

“काय म्हने गा बाई?”

“म्हने, माह्या तुपाले यापुढं हातबी नाई लावत!” आणि तो हसत सुटला. पोट धरून, गेट हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

नत्थूजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि मान हलवत ते स्वतःशीच म्हणाले, “मी सांगतच होतो साहेबाले. त्या हेक्झेननं मानसाचं डोकं चोळू नका म्हनून.”